धुक्यातल्या कोंबड्या

बर्टन कॉर्कमनं डोक्यावरची टोपी काढून झाडाला अडकवली ती फक्त घटकाभरासाठी. शिडीवर चढलं की त्याला घाम फुटायचा, आणि झाडाच्या शेंड्यावरचा तारा दर वर्षीप्रमाणे याही वर्षी झिंगल्यासारखा एका बाजूला कलला होता. तारा सरळ करायचा, खाली उतरायचं, टोपी घालायची, की झालं. इतका साधा बेत! पण वाटोळं होतं ते साध्या बेतांचंच. अवघड कामाला माणूस निदान सावध तरी असतो.

आता, झाड साधं असतं तरी चाललं असतं. पण मॅकरल कोव्ह गावच्या चर्चच्या हॉलमधलं ते हातमोज्यांचं झाड होतं. गावातल्या बायका वर्षभर विणलेले हातमोजे, मफलर, टोप्या नाताळच्या आधी आणून त्याच्या फांद्यांना अडकवतात, रविवारी पाद्रीबाई त्यावर आशीर्वाद म्हणतात आणि मग नाताळच्या तोंडावर ते सगळं गरजूंच्या घरी जातं. नियम एकच, पण पोलादी. झाडावर गेलं ते देवाचं. परत काढायचं नाही. हा नियम थेल्मा झिंकबाईंनी केला होता, आणि गावात थेल्माबाईंचा शब्द देवाच्या शब्दापेक्षा किंचित वरच होता.

तारा सरळ झाला. बर्टन खाली उतरला तोच थेल्माबाईंनी त्याच्या हातात कॉफी आणि आल्याचा केक कोंबला, खुर्चीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बस तिथं. सुरू होतंय." थेल्माबाईंनी बस म्हटल्यावर उभं राहणारा माणूस त्या गावात अजून जन्मायचा होता. बर्टन बसला, आणि टोपी राहिली झाडावर.

ती टोपी म्हणजे एक प्रकरणच होतं. बर्टनच्या बायकोनं, व्हर्नानं ती विणलेली. व्हर्नाला सगळं जग बघायचं होतं आणि बर्टनला स्वतःच्या होड्यांच्या कारखान्यापलीकडे काही बघायचं नव्हतं. सगळा संसार असा ओढाताणीत गेल्यावर शेवटी एकदाचा तो तिला घेऊन न्यूफाउंडलंडला निघाला. का, तर तिथल्या कड्यांवर पफिन असतात. नारिंगी चोचीचे, गोलमटोल समुद्रपक्षी. व्हर्नाला ते बघायचे होते. पण वाटेतल्या प्रत्येक धक्क्यावर बर्टन गाडी थांबवायचा. "व्हर्ना, त्या होडीची बांधणी बघ गं, वा!" असं करत करत दोघं कड्यावर पोचली तेव्हा धुकं उतरलं होतं, आणि मुक्काम संपेपर्यंत ते काही उठलं नाही. स्वतःचा हात दिसेना, तिथं पफिन कुठले?

परतीच्या बोटीत व्हर्नानं लोकर काढली आणि मुकाट्यानं विणायला घेतली. खाली निळ्या लाटा. त्यावर राखी पट्टा, म्हणजे धुकं. ते मात्र हुबेहूब जमलं होतं. आणि त्यावर गोल फेर धरून पफिन, ऐकीव माहितीवर विणलेले. ते झाले कोंबड्या. जाड, घाबरलेल्या, अंडं घालताना कुणीतरी दार उघडल्यासारख्या कोंबड्या!

"व्हर्ना, या कोंबड्या आहेत," बर्टन पोट धरून हसला होता.

"तुला धुक्यात काय दिसतंय!" म्हणत तिनं टोपी त्याच्या कानांपर्यंत ओढली होती.

आपल्या होड्यांच्या नादापायी बायकोला एक पक्षी दिसला नाही, हे बर्टननं गावात कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. कुणी विचारलंच तर व्हर्ना पुढं होऊन काहीतरी बोलायची आणि वेळ मारून न्यायची.

गेल्या वसंतात व्हर्ना गेली. घरात पाऊल टाकलं की तिच्या लोकरीच्या टोपल्या समोर यायच्या, आणि बर्टनला ते सोसवेना. एके दिवशी त्यानं तिच्या सुया, लोकर, स्वेटर, शाली, सगळं खोक्यांत भरलं आणि चर्चच्या विक्रीला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी उघड्या कपाटासमोर बसून तो लहान पोरासारखा रडला. टोपी तेवढी वाचली, कारण ती त्या वेळी त्याच्या डोक्यावर होती. म्हणजे व्हर्नाच्या हातचं असं या जगात त्याच्यापाशी तेवढंच उरलं होतं.

व्हर्नाचा धाकटा भाऊ हॅरिस हिमलमन. खेकड्यांच्या होडीवर राबणारा, दांडगा, मिशाळ गडी. खोकी भरताना बहिणीची एक सुईसुद्धा त्याला कुणी विचारली नव्हती. तोवर तो बर्टनला तोंडभरून दाजी म्हणायचा. त्या खोक्यांनंतर तो त्याला "कॉर्कमसाहेब" म्हणायला लागला, आणि तेही अगदी नाइलाज झाला तरच.

तर त्या रविवारी पाद्रीबाई ग्वेन झाडासमोर उभ्या राहून आशीर्वाद म्हणत होत्या आणि मध्येच थांबल्या. त्यांची नजर कोंबड्यांवर गेली होती.

"ही टोपी..." त्यांचा आवाज कापला. "ही तर व्हर्नाच्या हातची. बर्टन, तुम्ही ही दिलीत?"

सगळा हॉल बर्टनकडे वळला. बर्टनच्या तोंडात केकचा भला मोठा घास. "मी... म्हणजे... ती नुसती..."

"काही बोलू नका," पाद्रीबाईंनी हात वर केला. डोळ्यांत पाणी. "आम्हाला कळतंय."

टाळ्या सुरू झाल्या. कुणी हुंदका दिला, कुणी बर्टनला मिठी मारली. इतकं कौतुक त्याच्या वाट्याला लग्नातसुद्धा आलं नव्हतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! आता कुठल्या तोंडानं सांगणार, की बायांनो, मी फक्त घामेजलो होतो? तेवढ्यात मागच्या रांगेत धाडकन खुर्ची पडली. हॅरिस उठला, बर्टनकडे जळजळीत बघितलं आणि दार आपटून निघून गेला.

पांगापांग झाल्यावर बर्टननं थेल्माबाईंना गाठलं.

"थेल्मा, ती टोपी जरा मळलीय गं. घरी नेऊन धुऊन आणतो."

"मी धुते."

"भोक पण पडलंय बहुतेक."

"रफू करते."

"उवा असतील!"

"बर्टन," थेल्माबाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, "उवांना राहायला तुझ्या डोक्यावर केस कुठं आहेत?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. बर्टन हात हलवत परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून भलताच ताप सुरू झाला. गावात गाडीला कुलूप कुणी लावत नाही, आणि कुणाचं भलं चिंतायचं झालं तर त्याच्या गाडीत काहीतरी ठेवून जायची रीत आहे. बर्टनच्या पिकअपमध्ये ढीग लागला. सफरचंदाच्या पाई, मुरंबे, घरची सॉसेजं, आंबवलेला कोबी, कागदी पिशव्या, बरण्या. दात्याला गावाचं देणं! न केलेल्या दानाचा केक कसा खायचा? त्यानं एकही पिशवी उघडली नाही. नवीन काही दिसलं की जुन्यावर रचायचा आणि गिअर बदलताना ढिगाला कोपरानं ढकलायचा.

बुधवारपर्यंत त्याला झोप नाही. कान उघडे, डोकं गार, आणि घरात व्हर्नाचं काही म्हणजे काही नाही. शेवटी त्यानं ठरवलं, चोरी करायची. बुधवारी दुपारी थेल्माबाई केस बसवून घ्यायला जातात, हे अख्ख्या गावाला ठाऊक. हॉल उघडाच असतो. चोरी करायची तरी देवाचा तोटा नको, म्हणून बर्टननं बदलीला आपली शिकारीची नवीकोरी टोपी घेतली. चोरीतसुद्धा सचोटी असावी लागते.

हॉलमध्ये दिवे नव्हते आणि बाहेर आभाळ भरून आलेलं. पाय न वाजवता बर्टन झाडापाशी गेला. टोपीकडे हात नेला, तर टोपी आपणहून पलीकडे सरकली.

बर्टनचं काळीज लक्‌कन हललं. "व्हर्ना?" तो पुटपुटला.

"व्हर्ना कसली, मी आहे," झाडामागून जाडा आवाज आला. फांद्यांतून मिशा बाहेर आल्या, मग हॅरिस. टोपी त्याच्या मुठीत.

"चोरा!" बर्टन ओरडला.

"मी चोर? आणि कॉर्कमसाहेब इथं काय प्रार्थनेला आले होय?"

"टोपी दे, हॅरिस. माझी आहे ती."

"तुझी? आख्ख्या गावासमोर दान केलीस की! टाळ्या खाल्ल्यास! बहिणीचं सगळं घर धुऊन वाटलंस, मला एक दोरा विचारला नाहीस, आणि वर डोक्यावरची टोपी पण? म्हटलं, ही तरी उचलावी. देव मला बघून घेईल."

"अरे मी दिली नाही रे ती! घाम आला म्हणून अडकवली होती!"

"घाम?"

"ताऱ्याची आण."

हे ऐकून हॅरिसला हसू यायला हवं होतं, पण हिमलमन घराण्यात एकदा मुठीत धरलेली गोष्ट सोडायची पद्धत नाही. बर्टननं टोपी ओढली, हॅरिसनं ओढली. ओढाओढीत बर्टनची पाठ झाडाला लागली आणि अख्खं झाड हातमोज्यांसकट आडवं झालं. तारा घरंगळत पियानोखाली गेला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असे दोघं टोपीची दोन टोकं धरून खिडकीच्या उजेडात आले, आणि एकदम थांबले.

"थांब, थांब," बर्टन म्हणाला. त्यानं टोपी डोळ्यांशी नेली. निळ्या लाटा होत्या, राखी धुकं होतं. पण पक्षी? सुबक, ऐटबाज, नारिंगी चोचीचे. "हॅरिस, ही व्हर्नाची नाही. हे तर पफिन आहेत!"

"काय सांगतोस!" हॅरिसनं मान वाकडी करून बघितलं. "खरंच की. एकही कोंबडी नाही."

"कोंबड्या? माझ्या सुईतून?" दारातून आवाज आला. थेल्माबाई! शेजारच्या पार्लरमधून धडपड ऐकून डोक्यावर रोलर गुंडाळलेल्याच त्या धावत आल्या होत्या. "मेल्यांनो, हातमोज्यांच्या झाडाचं काय केलंत हे?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

"थेल्मा, माझी टोपी कुठाय?" बर्टन जवळजवळ रडकुंडीला आला.

"तुझ्या गाडीत! कालच ठेवली. कागदी पिशवीत, वर लोणच्यातल्या हेरिंग माशांची बरणी. रविवारी तुझं तोंड बघितलं मी बर्टन. देणाऱ्याचं तोंड तसं नसतं, दाढ काढून घेणाऱ्याचं असतं. पण चारचौघांत माझाच नियम कसा मोडू? म्हणून गुपचूप नेली, रात्र जागून दुसरी विणली, ती झाडावर अडकवली. देवाचं देवाला, तुझं तुला. काल संध्याकाळपासून तुझ्या फोनची वाट बघतेय, आणि हा बाबा इथं दरोडा घालतोय!"

"पण मग कोंबड्या का नाही विणल्यास?"

"जमल्या नाहीत." थेल्माबाईंनी नाक ओढलं आणि रोलर सावरल्यासारखं करून डोळे पुसले. "चारदा उसवलं. असली वेंधळी कोंबडी विणायला व्हर्नाच पाहिजे. उचला ते झाड!"

झाड उभं राहिलं. पफिनची टोपी मानानं फांदीवर गेली. अपराध्याचा दंड म्हणून शिकारीची टोपीही थेल्माबाईंनी शेजारी लटकवली. तारा पुन्हा कललाच, पण शिडीवर चढायचं नाव बर्टननं काढलं नाही.

मग दोघं पिकअपकडे पळाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पाई काढल्या, मुरंबे काढले, सॉसेजं काढली, आणि ढिगाच्या मध्यावर हेरिंगची बरणी सापडली. तिच्याखाली पिशवी. पिशवीतून घाबरलेल्या कोंबड्यांनी वर बघितलं. बर्टननं टोपीत तोंड खुपसलं आणि बराच वेळ ते बाहेर काढलं नाही.

हॅरिस बाजूला उभा राहून बुटानं बर्फ उकरत होता.

"तुला विचारायला हवं होतं मी," बर्टन टोपीतूनच म्हणाला. "मला घरात ते काही बघवत नव्हतं रे."

"मग मला बोलवायचं होतंस. तुझ्या वाटचं मी बघितलं असतं."

बर्टननं मान वर केली. टोपी एकदा दोन्ही हातांनी नीट फुगवली आणि हॅरिसच्या डोक्यावर घातली. कानांपर्यंत ओढली, व्हर्ना ओढायची तशी. या खेपेला टाळ्या वाजवायला रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

"रविवारपर्यंत तुझी. मग माझी. मग परत तुझी," तो म्हणाला. "आणि घामाघूम झालास तरी कुठं अडकवू नकोस."

दोघं गाडीत बसले. आता खायला हरकत नव्हती. बर्टननं एक पाई उघडली, चमचा नव्हता, हातानंच सुरुवात झाली.

"तिनं तिथून फोन केला होता मला," हॅरिस भरल्या तोंडानं म्हणाला. "कसली खूश होती! म्हणाली, हॅरिस, कड्यावर शेकडो पफिन! म्हणाली, बर्टननं बरोब्बर जागा शोधून काढली, मला सगळं काही दाखवलं."

बर्टनचा घास तोंडातच राहिला. "असं म्हणाली?"

"अगदी असंच." हॅरिसनं आरशात बघून टोपी सारखी केली. एका कोंबडीवर बोट टेकवलं. "फक्त एक कोडं मला अजून सुटलेलं नाही, दाजी. शेकडो पफिन डोळ्यांनी बघून आलेली बाई अशा कोंबड्या कशा विणते?"

बर्टननं खिडकीबाहेर बघितलं.

"धुकं होतं रे थोडं," तो म्हणाला.