तीनशे घोडे आणि हुलगे

“लातुरात टर्बो म्हणजे काय हे फक्त दोघांना कळतं,” माधवराव छाती काढून सांगायचे. “एक मी! दुसरा अजून जन्माला यायचाय!”

आता माणूस क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो म्हटल्यावर एवढा माज चालायचाच. पण वर्षानुवर्षं पोरांना हवेचा दाब शिकवता शिकवता तो दाब माधवरावांच्या डोक्यात शिरला, आणि दिवाळीच्या आधी ते हैदराबादच्या एका डॉक्टरकडून सेकंडहँड जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आले. निळी, दोन दारांची, टर्बोवाली! त्या गाडीत माणूस बसत नाही हो, पडतो. त्यांची बायको विशाखा शाळेत मुख्याध्यापिका. ती पहिल्यांदा आत बसली तेव्हा तिला बाहेर ओढायला शेजारणीला बोलवावं लागलं.

गाडी मुळातच सुसाट होती. पण माधवरावांचं म्हणणं वेगळं. “कंपनीनं ही सगळ्या जगासाठी बनवलीय. माझ्यासाठी कुठं बनवलीय?” झालं! वरून काय काय बसवायचं याचा अभ्यास सुरू झाला. आणि अभ्यास म्हणजे लातूरचा अभ्यास! पहाटे उठून व्हिडिओ बघायचे, फळ्यावर इंजिनाच्या आकृत्या काढायच्या, एकेका पार्टला मार्क द्यायचे. काठावर पास झालेला पार्ट घ्यायचाच नाही, हा निश्चय.

“अहो, सीट कव्हर घ्या ना चांगले,” विशाखा म्हणाली.

“सीट कव्हरनं ताकद वाढत नाही, विशाखा!”

“मग कशानं वाढते?”

“हवेनं! जास्त हवा आत, जास्त ताकद बाहेर!”

“मग काचा उघड्या ठेवा की.”

माधवरावांनी कपाळाला हात लावला, पण हटले नाहीत. महिनाभर डोकं खपवून त्यांनी निवड केली. फिल्टरचा बंद डबा काढून उघडं फिल्टर, म्हणजे इंजिनाला पोटभर हवा. रस्त्याला घट्ट धरतील असे रुंद टायर. गाडी खाली बसवणारे स्प्रिंग. पुढच्या बंपरखाली एक काळी पट्टी, म्हणजे हवा गाडीखाली शिरायला नको. आणि मागं दोन तोंडांचा सायलेन्सर, ज्याच्यात माणसाचा हात कोपरापर्यंत गेला असता. सगळा माल पुण्याच्या दुकानातून मागवला आणि बसवायला दिला शरणप्पाकडे. हा शरणप्पा मूळचा उदगीरचा, जन्म गेला जिपा आणि ट्रॅक्टर खोलण्यात.

“सर, ही पट्टी लई खाली व्हायलीय,” शरणप्पा म्हणाला. “खालून शेळीची लेंडी पण जाणार न्हाई!”

“जायलाच नको!” माधवराव गरजले. “तेच तर पाहिजे!”

संध्याकाळी त्यांनी घरासमोर गाडी चालू केली. घर्रर्र! दोन मिनिटांत सगळी गल्ली घागरी, बादल्या आणि पाइप घेऊन दारात! लोकांना वाटलं पाण्याचा टँकर आला! खरं काय ते कळल्यावर बायकांनी माधवरावांना काही नाही म्हटलं. विशाखाला म्हटलं. मुख्याध्यापिकेला गल्लीतल्या बायका बोलल्या! त्या रात्री जेवताना तिनं अट घातली.

“रविवारी नांदेडला सर्वेशच्या मुलीचं बारसं आहे. मी आत्या आहे. कानात नाव मी सांगणार. बारा वाजता बाळ पाळण्यात जाणार, त्याच्या आत या गाडीनं मला तिथं पोचवा. नाही पोचवलं, तर किल्ली सर्वेशला द्यायची. त्याला हवीच आहे ही.”

सर्वेश म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गाडी आल्यापासून तो माधवरावांना रोज फोन करून तब्येत विचारायचा, गाडीची.

“बारा?” माधवराव हसले. “अकराला पोचून मी तिथं परत एकदा नाष्टा करीन!”

रविवारी सकाळी दोघं निघाले. विशाखा पैठणी नेसून, मांडीवर चांदीचे वाळे घेऊन. हायवेला ट्रक फार आडवे येतात म्हणून माधवरावांनी जळकोटच्या बाजूचा आडरस्ता धरला. रस्ता रिकामा, नवीन डांबर, टर्बोची शिट्टी! माधवराव इतके खूश झाले की त्यांनी चक्क गाणं म्हटलं. एक वळण घेतलं, आणि समोर डांबर संपलं!

संपलं म्हणजे दिसेनासं झालं. शेतकऱ्यांनी हुलगे काढून, काडासकट, सगळ्या रस्त्यावर पसरले होते. येणारी-जाणारी वाहनं वरून जातात आणि फुकटात मळणी होते. आपल्याकडं हे दर सुगीला चालतं. जीप जाते, एसटी जाते, कुणाला काही होत नाही. पण त्या जिपांना शरणप्पानं पट्टी बसवलेली नसते!

माधवरावांनी ब्रेक मारला. गाडी घसरत आत शिरली आणि पट्टीनं हुलग्याचं काड खरवडायला सुरुवात केली. बघता बघता बॉनेटवर हा एवढा ढीग! समोरचं दिसेना. गाडी थांबली तेव्हा काचेवर एक शेंग चिकटून माधवरावांकडं बघत होती.

“ओ सायेब!” काड ओढायचं दाते असलेलं दताळं उगारून एक म्हातारा धावत आला. शेषेराव त्याचं नाव. मागून त्याची बायको तारामती. “आमचे हुलगे गोळा करून कुठं निघालाव?”

“मी गोळा नाही केले! ते आपोआप आले!”

“अगं ऐकलं का? हुलगे आपोआप गाडीवर चढायलेत म्हणं!”

“चोरायलाच आलंय बेनं,” तारामती म्हणाली. “गाडी बघ की कशी वाकून वाकून चालायलीय!”

माधवरावांनी रिव्हर्स टाकला. काड चाकांत गुंतलेलं. त्यांनी दात-ओठ खाऊन ॲक्सिलरेटर दाबला. चाकं गरगरली, सायलेन्सर गरजला आणि मागं भुशाचं असं वादळ उठलं की शेषेरावाचं मुंडासं बांधावर जाऊन पडलं. आता हा माणूस दताळ्यानं काच फोडणार, म्हणून माधवरावांनी डोळे मिटले.

पण बाहेर सगळं शांत. मग तारामतीचा आवाज आला. “अवो! हिकडं बघा! दाणा निराळा झालाय!”

खरंच की! रुंद टायरांनी शेंगा रगडल्या होत्या आणि सायलेन्सरनं भुसा उडवून दिला होता. डांबरावर नुसता तांबूस दाणा. शेषेरावानं मूठभर उचलून तळहातावर घोळवला. दताळं खाली ठेवलं.

“सायेब, ही गाडी किती बैलांची हो?”

“तीनशे घोड्यांची,” माधवराव काच खाली करून म्हणाले. अशा वेळीही त्यांना ते सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

“मंग पुढचं बी करून जावा की!”

“अहो, मला बाराच्या आत नांदेडला जायचंय!”

“जावा की! कोण अडवायलंय? पण रस्ता तर ह्याच्यातनंच हाय!”

होता खरा! आणि मागं वळायचं म्हटलं तर अर्धा जिल्हा फिरून जावं लागणार. माधवराव जिद्दीला पेटले. गाडी आपली, निवड आपली, किल्ली सर्वेशला द्यायची नाही म्हणजे नाही! त्यांनी पहिला गिअर टाकला. पाच पावलं पुढं, ढीग झाला की तीन पावलं मागं, मग धुरळा, मग परत पुढं. विशाखा आधी आत बसून धुसफुसत होती. मग तारामतीनं तिला बाहेर ओढून काढलं, बाभळीखाली बसवून चहा दिला. चहा प्यायली, आणि तिच्यातली मुख्याध्यापिका जागी झाली.

“अहो, डावीकडचं राहिलं! मागं घ्या! अजून! तिरकं नको, सरळ या!”

“विशाखा, आपण बारशाला चाललोय!”

“कडेचं कच्चं राहिलंय ते आधी करा! अर्धवट काम मला चालत नाही!”

एवढ्यात शेजारच्या रानातला दगडोबा बैलगाडी भरून हुलगे घेऊन आला आणि माधवरावांच्या नाकासमोर रस्त्यावर ओतून मोकळा झाला! “सायेब, एवढं घ्या की मिटवून. जाता जाताच हाय!”

माधवरावांना रडू यायचं बाकी राहिलं. तेवढ्यात विशाखाचा फोन वाजला. सर्वेश होता.

“ताई, कुठं आहात? सगळे वाट बघायलेत!”

“मळणीला आहे!”

“कुठं?”

“मळणीला! ठेव फोन. अहो, पट्टी वर करता येत नाही का जराशी?”

शेवटी एकदाचं डांबर दिसलं. पण उघड्या फिल्टरनं हवेबरोबर पोटभर भुसाही ओढला होता. तीनशेतले दोनशे नव्वद घोडे तिथंच बसले. उरलेल्या दहांवर गाडी ठसकत, खोकत नांदेडला पोचली. मागं पोत्यात शेषेरावानं प्रेमानं दिलेले हुलगे. माधवरावांनी घड्याळ बघितलं. पावणेदोन!

आत्याशिवाय नाव ठेवणार कोण, म्हणून सगळे थांबले होते; तोवर बाळ रडून, झोपून, परत उठलं होतं. विशाखा तशीच आत गेली, पाळण्यात वाकली, बाळाच्या कानात “मृण्मयी” म्हणाली. कुर्रर्र करून बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि पैठणीतून असा भुसा उडाला की पाळण्याभोवतीची सगळी माणसं एका सुरात शिंकली!

बाहेर सर्वेश हात पुढं करून उभाच होता. माधवरावांनी खिशातून किल्ली काढली. शब्द म्हणजे शब्द. गाडीकडं बघायची हिंमत होईना.

“थांबा!” विशाखानं मधेच किल्ली काढून घेतली. “गाडी कुठं जात नाही.”

“पण ताई, ठरलं होतं!” सर्वेश म्हणाला.

“ठरलं होतं. आता मी बदललं.” ती माधवरावांकडं वळली. “लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा मी म्हटलं तेव्हा तुम्ही पुढं गेलात, आणि मी म्हटलं तेव्हा मागं आलात. अशी गाडी कुणी देऊन टाकतं होय?”

माधवरावांचा ऊर भरून आला. गाडी वाचली! महिनाभराचा अभ्यास कामी आला! बायकोला टर्बो कळला! ते तिला काहीतरी गोड बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, “शिवाय मी तारामतीमावशींना शब्द दिलाय. पुढच्या महिन्यात त्यांची तूर निघतेय. दगडोबाची पण. आणि त्यांच्या भावकीची.”

सोमवारी माधवरावांनी पुण्याच्या दुकानात फोन लावला. फिल्टरवर बसवायला बारीक जाळी पाहिजे, आणि ती पट्टी खालीवर करता येईल असं काही मिळेल का, म्हणून विचारलं. इतकं बारकाईनं विचारणारं गिऱ्हाईक बघून दुकानदार एकदम खुलला.

“वा सर! गाडी वापरता कशासाठी? रेसिंगला का लाँग ड्राइव्हला?”

माधवरावांनी केसांत अडकलेलं काडाचं एक कुसळ काढून फेकलं.

“तुरीला,” ते म्हणाले.