बाविसावा कांदा

भास्करअण्णा कुणाला "कसं काय" असं विचारत नाहीत. मार्च संपला की समोरच्याच्या खिशाकडे बघतात आणि म्हणतात, "कांदा कोठे शे?" सुरतेत नवागामच्या आमच्या गल्लीत नवा भाडेकरू आला की तो घाबरून आधी पाकीट चाचपतो. खिशात कांदा असला की उन्हाची लू लागत नाही, हे आम्हा खानदेशी माणसांना लहानपणापासून ठाऊक असतं. अण्णांनी त्याचा कायदा केला, एवढंच.

अण्णा आमच्याच कापडाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांचे मुकादम. कुठला लूम बिघडलाय ते नुसत्या आवाजावरून सांगतात. तीस वर्षं सुरतेत एका खोलीत एकटे राहतात. इंदूवहिनी पारोळ्याकडे गावी, सासूच्या सेवेला. मागच्या वर्षी म्हातारी गेली, तरी वहिनी तिकडंच. का आणत नाही विचारलं तर म्हणतात, सुरतेत ऊन फार. जणू पारोळा म्हणजे थंड हवेचं ठिकाण!

दर मे महिन्यात आमची गल्ली टेम्पो करून सुवालीच्या समुद्रावर जाते, आणि आमच्या तब्येतीचा मक्ता अण्णांकडे असतो. त्यांचे नियम मला आजतागायत कळलेले नाहीत. उन्हातून आल्या आल्या पाणी प्यायचं नाही, पण पाण्यावाचून पाव तासही राहायचं नाही. उन्हात बसायचं नाही, झाडाखाली मुंगळे असतात म्हणून तिथंही नाही. मग बसायचं कुठं? बारानंतर दहीभात संशयित. आणि समुद्रात फक्त घोट्यापर्यंत. एकदा माझं पाऊल खड्ड्यात गेलं, पाणी पोटरीला लागलं, तर अण्णांनी मला कॉलर धरून बाहेर काढलं.

माणसं मोजण्यावर त्यांचा विश्वास नाही. माणसं हलतात, कांदे हलत नाहीत. म्हणून ते वहिनींना फोनवर माणसांचा आकडा सांगतात, वहिनी तेवढेच कांदे निवडून गावच्या कुणाबरोबर पाठवतात. निघताना प्रत्येकाला एक. परतताना कांदे गोळा करायचे, भरले की माणसं भरली. मग ऊन प्यालेले ते कांदे दूर फेकायचे, कारण ते कुणी खात नाही.

यंदा आम्ही अण्णांसकट एकवीस जण. कांदे वाटून झाले आणि पिशवीच्या तळाशी एक उरला.

अण्णांनी तिथूनच वहिनींना फोन लावला. "मी बरोबर मोजीसन धाडेल शेतस," एवढं बोलून वहिनींनी फोन ठेवला. झालं. वहिनींचं मोजणं तीस वर्षांत चुकलं नव्हतं, तेव्हा चूक आमचीच. म्हणजे एक माणूस कमी होतं.

पण कोण? अण्णांनी घरोघरी कड्या वाजवल्या. टेम्पोवाल्याला दोनदा विचारलं की तो स्वतःला धरून आला आहे ना. समुद्रावर आम्ही पुऱ्या खात होतो आणि अण्णा कपाळावर हात धरून लाटांकडे बघत होते. त्यांनी इतक्यांदा नावं घेतली की मलाही वाटायला लागलं, आपल्यात एक बाविसावा होता खरा, चेहरा तेवढा आठवत नाही. अण्णा दिवसभर पाणीही प्यायले नाहीत. मला त्यांचा रागही आला आणि कीवही आली.

परतताना एकवीस कांदे गोळा झाले. तरी अण्णा टेम्पोत चढेनात. माणूस टाकून मी जाणार नाही म्हणाले. पोरं रडकुंडीला आली. तेव्हा माझी बायको मंगल, जी अण्णांसमोर कधी बोलत नाही, ती म्हणाली, "अण्णा, वहिनीनी सोताना बी कांदा धाडेल शे."

बाविसावा कांदा वहिनींचा स्वतःचा होता. अण्णा वाळूतच बसले. ऊन, मुंगळे, काही बघितलं नाही. मंगलनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो मुकाट्यानं प्यायले.

एकवीस कांदे त्यांनी फेकले. बाविसावा पिशवीतून काढला, धोतराला पुसावा तसा पँटला पुसला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. टेम्पो सुटल्यावर फोन लावला. कानानं कमी ऐकू येतं म्हणून ते नेहमी स्पीकरवरच बोलतात, त्यामुळे आम्ही सगळेच ऐकत होतो.

"तुना कांदा मनाजोडे शे," अण्णा म्हणाले.

पलीकडून वहिनींचा बारीक आवाज आला, "पानीमा घोटालोंगच जाऊ देतस का?"

अण्णांनी आमच्याकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, खिसा चाचपला.

"तुले गुडघालोंग," ते म्हणाले.