हेडविगच्या ढकलगाडीतली सुरई

"आणखी एक सुरई या घरात आली, तर मी घराबाहेर पडेन," असं गिझेलानं तीन वर्षांपूर्वी बजावलं होतं. तेव्हापासून तिच्या नवऱ्यानं, एवाल्ड क्रॉयडरनं, घरात एकही सुरई आणली नव्हती. नंतरच्या सहा त्यानं शेजारच्या बर्टोल्डच्या कोठारात दडवल्या होत्या. घरात आधीच्या एकशे चाळीस होत्याच, अगदी न्हाणीघरातसुद्धा. सगळ्या वेस्टरवाल्ड या जर्मन डोंगराळ मुलखातल्या जुन्या भट्ट्यांतल्या, धगधगत्या विस्तवात मीठ फेकून झिलई चढवलेल्या, राखाडी अंगावर निळी फुलं. आंघोळीआधी त्या हलवायच्या, आंघोळीनंतर परत मांडायच्या. वेड एकाचं आणि ताप घरादाराला!

आज लेकीच्या, आन्केच्या, लग्नाची आदली संध्याकाळ. रिवाजाप्रमाणे सगळं गाव जुनी भांडी घेऊन नवरीच्या दारात फोडायला जमलं होतं. जितकी खापरं जास्त, तितका संसार सुखाचा. सकाळपासून बिअरची पिंपं उचलून एवाल्डची कंबर धरली होती. तो पायरीवर टेकतो न टेकतो, तोच बर्टोल्डची बायको हेडविग ढकलगाडी घेऊन आली. फुटक्या बश्यांच्या ढिगावर विराजमान होती कोठारातली त्याची सर्वांत लाडकी, तीनशे वर्षांची सुरई.

एवाल्ड कंबर धरून उठला. "हेडविग, ही नको गं फोडू. जुनी आहे."

"मग नवी भांडी कोण फोडतं, बाबा? कोठारात धूळ खात पडली होती मेली!"

'माझी आहे' म्हणायची सोय नव्हती. गिझेला हातभर अंतरावर उभी, आणि एक कबूल केली की उरलेल्या पाचही बाहेर येणार. बाई शब्दाची पक्की. लेकीच्या लग्नात आईच घर सोडून निघाली, तर गावात तोंड कुठे दाखवायचं?

"थांब, तुला हिच्याहून बरी देतो," म्हणत तो आत धावला आणि न्हाणीघरातली एक सुरई आणून त्यानं हेडविगच्या हातात कोंबली. खळ्ळकन फुटली. तेवढ्यात गावचा खाटीक लोरेन्झ ढकलगाडीकडे वळला.

"ए लोरेन्झ, ती ठेव! तुलाही देतो!"

मग पोस्टमन आला, मग व्याही. सगळ्यांचा डोळा नेमका त्याच सुरईवर. चार खेपांत घरातल्या चार चांगल्या सुरया गेल्या, कंबरेचीही खापरं झाली. लोक टाळ्या पिटत होते. "एवाल्ड आज पेटलाय रे!"

त्यानं मागं पाहिलं, तर गिझेला चक्क रडत होती.

"पोरीसाठी तू तुझ्या सुरया फोडायला दिल्यास? मला बाई वाटायचं, तुला या मडक्यांपुढे आम्ही कुणीच नाही." तिनं गाडीतली ती सुरई उचलून त्याच्या हातात दिली. "ही शेवटची. तुझ्या हातानं होऊ दे."

एवाल्डला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत तिनं त्याच्याकडे असं बघितलं नव्हतं. आपण खोटारडे आहोत याची त्याला मनापासून लाज वाटली. त्यानं डोळे मिटले आणि सुरई फरशीवर आपटली. तिचे सात तुकडे झाले.

गिझेलानं त्याचा दंड धरून त्याला पायरीवर बसवलं, एप्रनच्या टोकानं डोळे कोरडे केले आणि वळून हाक मारली, "हेडविग, उरलेल्या पाच राहू दे गं कोठारातच. बिचारा आज फार दमलाय."