एक निरगुडे अंतराची हकीकत

श्रीविघ्नहर्ता वाटेत आडवा न येता साह्य असो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख वद्य तृतीया, बृहस्पतवार, ते दिवशी राजधानीत जे वर्तमान घडले ते ऐकणारांचे आज्ञेवरून लिहिले असे. पदरचे फारसे घातले नाही. जेथे घातले तेथे उन्हाचा दोष जाणावा.

राज्यात रंगनाथराव निरगुडे म्हणोन एक मातबर असामी होती. सरकारी बसखात्यात मार्गविभागाचे प्रमुखपण त्यांनी नऊ वर्षे केले, आणि कोणती बस कोठून निघावी, कोठे वळावी आणि कोठे थांबावी हे त्यांचेच लेखणीने ठरावे, आणि खाशी स्वारी मात्र सदैव सरकारी मोटारीतून निघावी, ऐसा शिरस्ता होता. मग निवृत्ती जाहली, मोटार सरकारात जमा जाहली आणि जावयाची मोटार कामास येऊ लागली, सबब आपण आखिलेल्या मार्गावरून आपणच जाण्याचा प्रसंग उभ्या हयातीत आला नव्हता. दिवाणखान्यात काचेचे कपाट, आणि कपाटात पितळेची ढाल, आणि ढालीवर अक्षरे कोरिली जे, 'प्रवासाची चार मिनिटे वाचविली सबब बहाल'. ती चार मिनिटे कोठून काढिली हे ढालीवर लिहिले नव्हते, आणि रावांसही अलीकडे आठवत नव्हते. उन्हाळ्याचे सुटीस परमुलखातून पुत्राची लेकरे आजोळघरासारखी आजोबांचे घरी उतरली होती. वडील शर्वरी, वय वर्षे दहा, बोलणे मोजके. आणि धाकटा ओजस, वय वर्षे सहा, त्याचे बोलण्यास मोजमाप नाही. दुसरे दिवशी पहाटे त्यांचे परतीचे विमान होते आणि राजधानीतील प्रख्यात घटिकाबुरूज पाहणे राहिले होते. त्या बुरुजाची ख्याती ऐसी जे, दोन प्रहरी बाराचे ठोके पडू लागले म्हणजे घड्याळाखालील दार उघडते आणि बारा लाकडी मानकरी एकामागे एक बाहेर येऊन रयतेस मुजरा करितात आणि आत जातात. यंत्र वृद्ध जाहले, म्हणोन हा दरबार दिवसातून एकच वेळ भरतो. ओजसाने बाराही मानकरी कागदावर आधीच काढून ठेविले होते आणि एकास चष्मा घातला होता.

जावयाची मोटार नेमकी दुरुस्तीस गेलेली, मग राव बोलिले, "बसनं जाऊ." त्यावर त्यांचे कुटुंब शकुंतलाबाई बोलिल्या, "तुम्ही? बसनं?" राव बोलिले, "का? खातं माझंच. अजून निरगुडे म्हटलं की कंडक्टर उठून उभा राहतो." बाई बोलिल्या, "कंडक्टर उभाच असतो हो," आणि लेकरांच्या टोप्या आणावयास आत गेल्या. परंतु ओजसाने ते वाक्य पक्के धरिले आणि थांब्यापर्यंत तीन वेळ विचारिले, "आजोबा, खरंच उभा राहतो?" आणि रावांनी तिन्ही वेळ होकार दिला. नातवंडांपाशी दाखवावयास एक नावच काय ते शिल्लक होते, ते आज दाखवावे ऐसे त्यांचे चित्तात फार होते.

मग साडेदहाचे सुमारास स्वारी निघाली, आणि थांब्यावर पाऊण तास तळ पडला, आणि मग बस आली आणि मंडळी आरूढ जाहली. वाहकाचे जागी ढमालबाई म्हणोन होत्या, चेहरा शांत, कानास पेन. राव बोलिले, ज्या आवाजात पूर्वी सह्या होत असत त्या आवाजात बोलिले, "बुरूज. एक मोठा, दोन लहान." ढमालबाई तिकिटे फाडीत बोलिल्या, "बुरुजाला थांबत नाही, काका. पूल उतरल्यावर सोडते. तिथनं मागं एक निरगुडे चालायचं."

नाव कानी पडताच रावांची मान ताठ जाहली. त्यांस वाटले बाईंनी मुद्रेवरून ओळखिले आणि अदबीने बोलिल्या, आणि त्यांनी नातवाकडे पाहिले, आणि नातवाचे डोळे पुरीएवढे जाहले होते. तो सुखाचा काळ अंदाजे चार निमिषे टिकला. मग शर्वरीने विचारिले, "एक निरगुडे म्हणजे?" शेजारी वेणूबाई म्हणोन एक वृद्धा बसली होती, बुरुजाचे पायथ्याशी कागदी भिरभिरी विकणारी, मांडीवर भिरभिऱ्यांची पाटी. ती बोलिली, "अंतर असतंय गं बाय. पुलापलीकडच्या थांब्यापासनं बुरुजापत्तर चाललं की एक निरगुडे. आमच्यात किलोमीटर चालत न्हाई. दवाखाना अर्धा निरगुडे, साळा पाऊण." शर्वरी बोलिली, "पण नाव असं का?" वेणूबाई बोलिली, "एक सायेब होता त्या नावाचा. थांबा बुरुजाच्या पायाशीच होता, त्यानं उचलला. म्हणं माणसंच उतरत न्हाईत." ढमालबाई पाठीमागून बोलिल्या, "माणसं मोजली होती म्हणे. कधी मोजली ते विचार की." "कधी?" "सोमवारी. सोमवारी बुरूज बंद, यंत्राला तेल घालतात. कुत्रं उतरत नाही." आणि सारी बस हसली, कारण ही गोष्ट त्या मार्गावर नित्य सांगितली जात असे आणि नित्य लोक हसत.

रावांस सर्व आठवले. मार्गविभागात गद्रे म्हणोन कारकून होता, तो कागद पुढे करोन चाचरत बोलिला होता, "साहेब, सोमवारी बुरूज बंद असतो," आणि साहेब बोलिले होते, "आकडा तो आकडा, गद्रे. मंगळवारी मला लग्नाला जायचंय." लग्न कोणाचे ते काही केल्या आठवेना. आणि मग थांबा उचलून वाचलेल्या त्या चार मिनिटांची ढाल जाहली, आणि आज चार मिनिटे हसत बसली होती.

तेवढ्यात वेणूबाईने सहज विचारिले, "पावनं, तुम्ही कुठलं? आडनाव काय म्हनायचं?" आता दोन्हीकडे दोन नातवंडे, आणि समोर सारी बस, आणि रावांचे मुखातून निघाले, "कोठावळे." हे कुटुंबाचे माहेरचे आडनाव, प्रसंगी ते असे उपयोगी पडेल हे लग्नात कोणी सांगितले नव्हते. ओजस बोलू लागला, "आजोबा, कोठावळे तर—" तोच शर्वरीने त्याचे तोंडावर हात ठेविला आणि वेणूबाईस बोलिली, "त्याला बसमध्ये उलटी होते." इतक्यावर राहते तरी बरे होते. परंतु भ्यालेला मनुष्य गप्प राहत नाही, आणि राव पुढे बोलिले, "सोमवारी मोजायचं म्हणजे अक्कल गहाणच टाकली असणार त्यानं." त्यावर बस फार खूश जाहली, आणि मागील बाकावरून कोणी बोलिले, "लाखातलं बोललात, कोठावळे," आणि ढमालबाईंनी खरोखरच पुढे होऊन काकांस खिडकीकडील जागा करोन दिली. राव त्या जागी बसले. नात दुसरीकडे पाहत होती.

मग बुरूज आला, आणि बुरूज गेला. घड्याळात अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटे जाहली होती, आणि त्याचे पायाशी पूर्वीचे थांब्याचे शेड होते आणि त्याखाली एक बकरी उभी होती. ओजस काचेस नाक लावून बोलिला, "हाच ना? मग आपण का नाही उतरत?" बस पुलावर चढली, आणि पूल उतरली, आणि बारास बारा मिनिटे कमी असता सारी फौज उन्हात उतरली. रिक्षावाल्यांस विचारिले तो ते बोलिले, "एक निरगुड्यासाठी कोण येतंय, चाला की." मग चालणे आरंभिले. पुलाखालून वाट, वाटेस पदपथ नाही, डावीकडे गटार आणि उजवीकडे डंपर, आणि वेणूबाई पाटी डोईवर घेऊन गुडघा धरून चाललेली, आणि रावांनी ओजसास कडेवर घेतले आणि शंभर पावलांत खाली ठेविले. अर्धे वाटेवर भिंतीस चुन्याने 'अर्धा निरगुडे' ऐसे लिहिले होते आणि बाण काढिला होता, आणि तेथेच छपराखाली उसाचे गुऱ्हाळ होते, पाटी 'निरगुडे रसवंती'. राव धापा टाकीत उभे राहिले. गुऱ्हाळवाला मालक उदार मनाचा, त्याने लेकरांस पाणी दिले आणि शर्वरीस विचारिले, "पोरी, नाव काय तुझं?"

ती मुलगी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून होती. तिने आजोबांकडे पाहिले नाही. ती स्वच्छ बोलिली, "शर्वरी कोठावळे."

रावांचे आयुष्यात फजितीचे प्रसंग बहुत जाहले होते. वरिष्ठांनी फायली तोंडावर टाकिल्या, एकदा भर सभेत नवी शिवलेली पाटलोण उसवली, परंतु ते सर्व सोसले. हे सोसेना. पोरीस कोणी शिकविले नव्हते, आणि अर्ध्या तासात ती शिकली होती, आणि आजोबांस सांभाळावे म्हणोन शिकली होती. तिला काही बोलावे तरी काय बोलावे, खोटे बोलू नको म्हणावे तर कोणत्या तोंडाने, ऐसा विचार चालला असता पहिला ठोका पडला. ओजस ठोके मोजू लागला. मंडळी धावली, जितके धावता येईल तितके धावली, आणि बारावा ठोका पडला तेव्हा वळणावरील औषधाचे दुकान आडवे होते आणि बुरुजाचे केवळ शिखर दिसत होते.

पायथ्याशी पोचले तो गर्दी पांगत होती. घड्याळाखालील दार बंद. ओजसाने मान वर करोन दाराकडे पाहिले, आणि खिशातील आपला कागद काढून पाहिला, आणि घडी करोन परत ठेविला, आणि रडला नाही. तो बोलिला, "छान आहे बुरूज. मोठा आहे." पाहुण्यांकडे गेले असता भाजी आवडली नाही तरी छान म्हणावे, ऐसे त्यास घरी शिकविले होते. ते ऐकून राव मटकन जोत्यावर बसले, आणि मग उठले, आणि भोवती वेणूबाई, आणि बसमधील पाचसात असामी, आणि गोळेवाला ऐसे असता बोलिले, "ऐका जरा. तो निरगुडे मीच. मी कोठावळे नाही. थांबा मी काढला."

सर्वांनी एकमेकांकडे पाहिले. गोळेवाला बोलिला, "काकांना ऊन लागलं. इकडं सावलीत घ्या." मागील बाकावरील असामी बोलिली, "अहो कोठावळे, असं काय बोलता. तो निरगुडे बसनं येईल होय? तो बसनं येणारा असता तर थांबा काढला असता का?" कोणी त्यांचे डोईवर ओला रुमाल ठेविला, कोणी बर्फ दिला, आणि सर्वांनी त्यांची फार निगा केली. येथे सुटका आयती चालून आली होती. रुमाल डोईवर ठेवून कोठावळेच राहावे आणि रिक्षा बोलावून घरी जावे, एवढेच करणे होते, आणि रावांनी तसा विचार केला नाही असे नाही. मग त्यांनी पाकिटातून ज्येष्ठ नागरिकाचे कार्ड काढिले आणि वेणूबाईचे हाती दिले.

वेणूबाईने कार्ड लांब धरिले, जवळ धरिले, आणि बोलिली, "मला कुठं वाचायला येतंय. बाय, तू वाच." आणि कार्ड शर्वरीचे हाती आले.

शर्वरीने कार्ड पाहिले आणि आजोबांकडे पाहिले. बसमध्ये तिने त्यांजकडे पाहिले नव्हते, गुऱ्हाळापाशी पाहिले नव्हते. आता पाहिले, आणि तिचे चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होते की आजोबांनी खूण करावी, म्हणजे ती याही कार्डावर कोठावळे वाचील, अडखळणार देखील नाही. राव बोलिले, "वाच." ती थांबली. राव पुनः बोलिले, "आहे तसं वाच, बेटा."

मग तिने वाचिले, "रंगनाथ केशव निरगुडे."

शिव्या येतील म्हणोन रावांनी खांदे आवळून घेतले होते, त्या आल्या नाहीत, आणि न आल्यामुळे खांदे कोठे ठेवावे हे कळेना. मागील बाकावरील असामीने चपलेतील खडा काढावयास खाली मान घातली. गोळेवाल्याने बर्फ परत मागितला नाही, परंतु दुसराही दिला नाही. मग वेणूबाईने जोत्यावरील आपली पाटी थोडी सरकविली आणि बोलिली, "बसा. परतीला तेवढंच चालायचं हाय." आणि आपली भिरभिरी मांडू लागली.

राव तिजपासून हातभर अंतरावर बसले. ओजस जवळ येऊन बसला आणि हळूच बोलिला, "आजोबा, मग आता आपण कोण?" राव बोलिले, "निरगुडे." शर्वरी उभी होती. तिने कार्ड पाकिटात नीट घातले, आणि पाकीट आजोबांचे हाती दिले, आणि मग तीही येऊन बसली. मध्ये एकाची जागा सोडून बसली, आणि काही वेळाने ती जागाही राहिली नाही.

एकंदर तात्पर्य एवढेच. राजधानीचा प्रख्यात बुरूज नातवंडांनी पाहिला, मानकरी पाहिले नाहीत. मंडळी परतली तेव्हा ते अंतर लेकरांच्या पायांनी पुनः मोजिले, ते पुरते भरले, आणि रावांनी वाटेत कोणी न विचारिता चौघांस आपले खरे नाव सांगितले. त्या चौघांनी विश्वास ठेविला नाही, एकट्या ओजसाने ठेविला. थांबा पुनः बुरुजाचे पायाशी करावा ऐसा रावांचा अर्ज दुसरेच दिवशी खात्यात गेला. त्याचा निकाल या दप्तरी नाही. लेखनसीमा.