ठरावाची आंघोळ

चेअरमन अर्जुनराव सकाळपासून सोसायटीच्या ओट्यावर कल्पना सुचण्यासाठी बसले होते, आणि त्यांना ती सुचावी म्हणून समोर सगळा गाव बसला होता. दुपार कलली तरी घामाशिवाय काही आलं नव्हतं.

बीडच्या बैठकीत टँकर वाटणाऱ्या साहेबांनी जाहीर केलं होतं, की जी सोसायटी दुष्काळावर कुणालाच न सुचलेली, अगदी कोरी करकरीत कल्पना आणील, तिच्या गावाला टँकर रोज मिळेल. सध्या तो आठवड्यातून एकदा यायचा आणि अर्धा रस्त्यातच गळायचा. गावच्या विहिरीतलं पाणी वाटीने खरवडून काढावं लागत होतं. कल्पना सोमवारी सांगायची होती. आज रविवार होता.

"सुचलं का काई?" सेक्रेटरी गहिनीनाथने विचारलं.

"सुचतंय रे, पर समदं करून झालेलंच सुचतंय. बांध झाले, शेततळी झाली, पावसासाठी धोंडी काढून झाली."

"धोंडीला बेडूक गावला न्हाई, आपून सरडा बांधलता," गहिनीनाथने आठवण दिली. "म्हणून पाऊस आला न्हाई."

"कल्पना नवी व्हती, पर," मागून त्रिंबक म्हणाला. "सरड्याची सूचना माझी व्हती."

त्रिंबक मागच्या निवडणुकीत अर्जुनरावांविरुद्ध पडला होता. तेव्हापासून तो सोसायटीच्या प्रत्येक ठरावाला विरोध नोंदवायचा. एकदा त्याने स्वतःच्या अभिनंदनाच्या ठरावालाही नोंदवला होता.

तेवढ्यात गहिनीनाथला बैठकीतलं व्याख्यान आठवलं. पुण्याहून आलेले एक पाहुणे तासभर बोलले होते. कल्पना ओढून आणता येत नाही, मन सैल सोडावं लागतं, आणि जगातल्या भल्याभल्यांना जे काही सुचलं ते आंघोळ करताना सुचलं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आपल्याला इतके दिवस काहीच का सुचत नाही, याचं कारण प्रत्येकाला एकदमच कळलं.

"मंग चेअरमननं आंघूळ करावी," गहिनीनाथ म्हणाला.

"कपिलधारला जावा की. धबधबा हाय तिथं," कुणीतरी सुचवलं.

"धबधबा हाय. पाणी न्हाई."

शेवटी प्रत्येक घराने एकेक तांब्या पाणी द्यायचं ठरलं. सूचक गहिनीनाथ. त्रिंबक ताडकन उठला.

"चेअरमनच कावून? आमाला डोकं न्हाई का? आमचंबी पाणी घेणार, आन कल्पना मातर ह्यांची?"

"मंग काय करावं म्हणतो?"

"लग्नात आहेर पुकारतेत तसं ज्याचा तांब्या त्याचं नाव पुकारा. ज्याच्या तांब्याला सुचंल, त्याची कल्पना."

सहकाराच्या तत्त्वात हे बसत होतं. त्रिंबकचा विरोध नोंदवून ठराव मंजूर झाला.

अर्जुनरावांची बायको चंद्रभागाबाई आपला तांब्या घेऊन आली ती तणतणतच. "आवो, घरात भांडी राखंनं घासून फडक्यानं पुसती मी, आन तुमी चारचौघांत न्हायला बसलात?"

"गावासाठी बसलोय मी," पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीतले अर्जुनराव म्हणाले.

गहिनीनाथने पुकारा सुरू केला. "धर्मराजच्या घरून एक तांब्या!"

पाणी पडलं. गाव पुढे झुकला. "सुचलं?"

"गार वाटलं."

"जानकीबाईंच्या घरून एक तांब्या!"

"आता?"

"आता नुसती माती निघती हाय."

एकेक घर डोक्यावरून वाहून गेलं. खाली पडलेलं पाणी कुत्र्याने जीभ लावायच्या आत जमीन पिऊन टाकत होती.

"त्रिंबकच्या घरून एक तांब्या!"

पाणी टाळूवर पडलं आणि अर्जुनरावांचे डोळे विस्फारले. तोंडाचा आ झाला. उजव्या हाताचं बोट आपोआप वर गेलं. सगळा गाव उभा राहिला. सगळ्यांत आधी त्रिंबक उभा राहिला, छाती काढून.

अर्जुनरावांनी त्रिंबककडे पाहिलं. बोट हळूहळू खाली आलं.

"काई न्हाई," ते म्हणाले. "कानात पाणी गेलं."

कल्पना उत्तम होती. अर्जुनरावांच्या आयुष्यात आलेली ती पहिलीच होती. पण ती आत्ता सांगावी तर पुढच्या निवडणुकीत त्रिंबक तोच तांब्या चिन्ह म्हणून घेऊन उभा राहणार. त्यापेक्षा शेवटचा तांब्या घरचा होता. तोवर थांबायचं, एवढंच. अर्जुनराव कल्पना मनात घोकत साबण चोळत राहिले.

शेवटचा तांब्या घेऊन चंद्रभागाबाई जवळ आली आणि थबकली. "आवो, ह्यो साबण पाव्हण्यासाठी ठिवलेला न्हवं?"

"आगं, मला काय म्हाईत! पुढं व्हता, घेतला!"

भांडण थोडक्यात आटोपलं. पाणी पडलं. गाव पुढे झुकला.

"सुचलं?"

अर्जुनरावांनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. आत फक्त साबण होता.

सोमवारी ते गहिनीनाथबरोबर बीडच्या हापिसात गेले. रांगेत इतर गावांचे चेअरमन होते, भुवयांपर्यंत धुळीने माखलेले. त्यांच्यामध्ये अर्जुनराव नव्या नवरदेवासारखे चमकत होते.

"बोला, काय कल्पना?" साहेबांनी विचारलं.

"सायेब, सुचलती..."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग हवेतला वास घेतला. मोगरा होता.

"आंघोळ केलीत?"

"काल केली. समद्या गावानं पाणी दिलं."

"समद्या गावाकडे द्यायला पाणी आहे?" साहेब म्हणाले, आणि कारकुनाकडे वळले. "यांचा टँकर दुसरीकडे लावा."

परतताना मांजरसुंब्याला एसटीची वाट बघत दोघं धाब्याबाहेर उभे होते. एक ट्रक गेला आणि त्याचा सगळा फुफाटा अर्जुनरावांच्या अंगावर बसला. ते तसेच ताठ झाले.

"गहिनीनाथ, आठवलं रे!"

"काय?"

"समद्या गावानं तसंच, बिनआंघुळीचं, सायबाच्या त्या एशीच्या थंडगार खोलीत जाऊन बसायचं. दार लावून घ्यायचं. टँकर मिळंस्तवर उठायचं न्हाई!"

गहिनीनाथने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं.

"लई भारी कल्पना हाय," तो म्हणाला. "फकस्त तुमी आज धुऊन गेलता."

संध्याकाळी ओट्यावर सभा भरली. अर्जुनरावांनी टँकर गेल्याचं सांगितलं आणि कल्पनाही सांगितली. कुणी ओरडलं नाही. ओरडायला घसा ओला लागतो.

"कुणाच्या तांब्याला सुचलतं?" त्रिंबकने हळूच विचारलं.

अर्जुनरावांनी कबूल केलं. "तुझ्या."

त्रिंबकच्या तोंडावर क्षणभर काहीतरी उजळलं आणि विझलं. मग त्याने उठून ठराव मांडला, की चेअरमनने पुढील आदेशापर्यंत आंघोळ करू नये. अनुमोदन खुद्द अर्जुनरावांनी दिलं. मागच्या निवडणुकीपासून विरोधाशिवाय मंजूर झालेला तो पहिलाच ठराव होता.

त्याच्या अंमलबजावणीला कसलीच अडचण आली नाही.