माडीवरचं माणूस

अमडापुरातलं एकही घर शेषराव फोटोवाल्यांनी आपल्या फोटोत कधी मागे कलंडू दिलं नाही. खालून कॅमेरा वर करून माडी टिपली की भिंती वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि घर पाठीवर पडल्यासारखं दिसतं. बाकीचे फोटोवाले ते तसंच गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत. शेषरावांना बघवत नसे. अंधाऱ्या खोलीत, फोटो मोठा करायच्या यंत्राखाली कागद ठेवताना ते त्याच्या एका कडेखाली शाळेची पाटी सरकवायचे. "कागद तिरपा केला का घर सीधं होते," हे ते चहा पितानाही ऐकवत. असलं काम चिखलीच्या मोठ्या दुकानांतही होत नाही, असं आम्ही गावकरी पाहुण्यांना आवर्जून सांगत असू.

लग्नघरी गेले तरी नवरानवरीच्या आधी भिंत बघत. एकदा एका ओसरीचा खांब खरोखरच कलला होता. मालकाला म्हणाले, याला सुतार बोलवा, हे माझ्या पाटीचं काम नाही.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं त्या दिवसांत बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माडी बांधली. वास्तुशांतीला शेषरावांना बोलावलं. बापू फेटा बांधून दारात उभे. त्यांची धाकटी बहीण सुभद्राआत्या विधवा. शुभकार्याच्या फोटोत नको म्हणून तिला वर पाठवलेलं. ती सज्जात येऊन उभी राहिली आणि फोटोत आली.

फोटो हातात पडला तेव्हा घर अगदी ताठ होतं. पण भिंती सरळ करताना वरचा भाग मोठा झाला होता, आणि आत्या बापूंएवढीच दिसत होती. बापू भडकले. घर कोणाचं आणि ऐट कोणाची, म्हणाले. हिला लहान करून आण, असं बजावून त्यांनी मला पिटाळलं.

शेषरावांनी फोटो हातातही घेतला नाही. मी फारच गळ घातली तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट केलं. त्यांचंच घर. दारात त्यांचे भाऊ, वर खिडकीत शेषरावांची बायको, सगळे एका मापाचे. पाय गेल्यावर ती बाई जिना कधी उतरलीच नव्हती. तिला जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती.

"पयल्या फोटोत मुंगीएवढी आली होती," शेषराव म्हणाले. "पाहून म्हने, मले काऊन घेतलं? तवापासून पाटी लावतो. मानूस वर बसलं म्हनून लहान होते काय बे?"

मी या माणसाच्या गावचा आहे याचा तेव्हा जो अभिमान वाटला, तो आजही वाटतो. फोटो तसाच घरी आणला, बैठकीत टांगला, आणि तो बदलणार नाही असं बापूंना सांगितलं. त्यांनी माझ्याशी अबोला धरला. आत्या मात्र त्यानंतर पाहुणे आले की बैठकीत येऊन बसायला लागली.