दिवाकरराव पेशंट होतात

घरातल्या पुरुषमाणसाने मदत करायचं मनावर घेतलं, की बायकांनी आधी दूध-दही झाकून ठेवावं. अधारतालच्या दिवाकरराव बोरकुट्यांनी रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "शरयू, आज मी तुझा पेशंट!"

शरयू त्यांची सून, मुलगा विनयची बायको. नर्सिंगचा कोर्स झालेला, पण लायसन्सच्या परीक्षेत पोरगी एकदा आपटली होती, तीही औषधांच्या प्रश्नांत. दुसरी खेप उद्याच. मदन महाल भागातल्या एका दवाखान्याने तिची जागा कशीबशी धरून ठेवली होती. या वेळी घसरली, तर जागा दुसरीची.

"गोळ्या पाठ आहेत मला, बाबा," ती म्हणाली. "प्रश्नच वाकडे असतात. चार उत्तरं देतात, चारही बरोबर वाटतात. आणि विचारतात, यातलं आधी काय कराल?"

"वाकड्या प्रश्नांत माझी हयात गेली!" दिवाकरराव म्हणाले. (हयात गेली होती कारखान्याच्या ऑफिसात, सरळ प्रश्नांना वाकडी उत्तरं देण्यात. पण रिटायर माणसाला कोण बोलणार?)

हॉलमध्ये दोन खाटा पडल्या. दुसऱ्या खाटेला पेशंट हवा म्हणून शेजारचे शालिग्रामजी आले. ते डायबेटीसचे अस्सल पेशंट. पण आले ते दुपारी भरीत-भाकरी आहे हे ऐकून. दोघांच्या मनगटाला पूजेचा लाल धागा आणि त्याला नावाची चिठ्ठी. औषध म्हणून देवापुढचे साखरेचे इलायचीदाणे, दोन वाट्यांत. शालिग्रामजींनी स्वतःची खरी गोळीही आपल्या वाटीत टाकली.

"शुगरची आहे, जेवताना घ्यायची. आजकाल विसरून राहिलो मी," ते म्हणाले, आडवे झाले आणि सिरियस पेशंट दिसावं म्हणून त्यांनी डोळे मिटले. पाचव्या मिनिटाला घोरत होते.

शरयू दोन्ही वाट्या ताटात घेऊन आली. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

"काहून? ओळखत नाहीस?"

"ओळखते. तरी सांगा."

दिवाकररावांच्या डोळ्यांत ऑफिसातली जुनी चमक आली. पोरीला वाकडा प्रश्न हवा ना? घे! "शालिग्राम," ते म्हणाले.

शरयूने त्यांचं मनगट पाहिलं. चिठ्ठीवर दुसरंच नाव. तिने ताट मागे घेतलं. "नाव जुळत नाही. औषध थांबवते मी."

बरोबर होतं तिचं. तिथेच "शाबास" म्हणून उठायचं. पण हरणं या माणसाच्या पत्रिकेतच नाही. "अरे, खोटंच तर आहे!" म्हणत त्यांनी ताटातल्या वाटीत हात घातला आणि चिमूटभर दाणे तोंडात टाकून पाणी प्यायले.

स्वयंपाकघराच्या दारातून शरयूच्या सासूबाई, अंजनीबाई, किंचाळल्या. "अहो! ती भाऊजींची वाटी! त्यात शुगरची गोळी होती!"

वाटीत पाहिलं. गोळी नव्हती.

दिवाकरराव खाटेवर असे कोसळले की खाटेनेच हाय खाल्ली. "घाम सुटला... हात कापून राहिले... अंजने, विनयला सांग, बाप गेला." (ऊन मरणाचं होतं आणि लाईट गेलेली. घाम सगळ्यांनाच सुटला होता.)

अंजनीबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. उचलला कंपाउंडरने, तो हिंदी मुलखातला.

"पेशेंट का नाम?"

"हमारे ये हैं, भैया. गलत गोळी खा ली!"

"ये कौन?"

"विनय के पापा!"

"तो विनय लिखूँ?"

"नहीं नहीं! उसको कुछ नहीं हुआ!"

"तो इनका नाम बोलिए ना, अम्मा!"

लग्न झाल्यापासून अंजनीबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज तोंडातून काढलं नव्हतं, आणि अशा वेळी उखाणा सुचतो का? त्यांनी फोनच मरणाऱ्याच्या तोंडाशी धरला. "घ्या, तुम्हीच सांगा."

मरणाऱ्याने खणखणीत आवाजात सांगितलं, "दिवाकर डोमाजी बोरकुटे! रिटायर्ड हेडक्लार्क!"

शरयू तोवर थिजून उभी होती. हा आवाज ऐकला आणि तिचं डोकं ताळ्यावर आलं. आधी काय कराल? आधी पेशंटकडे पाहा! तिने सासऱ्यांची नाडी धरली.

"बाबा, जे खाल्लं ते चावलं की गिळलं?"

"चावलं."

"चव कशी होती?"

"गोड," दिवाकरराव कण्हले. "गोड-गोड, इलायचीची."

"सगळं? कडू काहीच नाही लागलं?"

"शुगरची गोळी कडू काहून असंल, पोरी?"

शुगरची गोळी चावली तर कडू लागते, हे शरयूला पाठ होतं. मग ती दुसऱ्या खाटेकडे गेली आणि शालिग्रामजींना हलवलं. "काका, तुमची गोळी?"

त्यांनी डोळे न उघडताच सदऱ्याचा खिसा चाचपला आणि गोळी वर धरली. "वाटीतून काढून घेतली मी मघाच. दिवाकररावांचा काय भरवसा?... भरीत झालं का?"

अंजनीबाई मटकन खाली बसल्या, आधी रडल्या, मग इतक्या हसल्या की फोनमधला कंपाउंडर विचारत राहिला, "अम्मा, अम्मा, पेशेंट है कि गया?"

"है, भैया, है! कहाँ जाएगा?"

दुसऱ्या दिवशी पेपरात प्रश्न आलाच. औषध देण्याआधी पेशंटची ओळख कशी पटवाल? नावाने हाक मारून, शेजारच्या पेशंटला विचारून, नातेवाइकांना विचारून, की त्यालाच नाव सांगायला लावून? मागच्या खेपेला शरयू हाक मारून चुकली होती. या वेळी तिला फोनवरच्या सासूबाई दिसल्या, शेजारी घोरणारे काका दिसले, आणि पेन थेट शेवटच्या उत्तरावर गेलं.

निकाल लागला, शरयू पास झाली, पेढे आले. दिवाकररावांनी सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. "माझ्यामुळेच पास झाली!"

शरयूने डबा मागे घेतला. "पूर्ण नाव सांगा."

"अरे! अंजने, सांग न हिला, मी कोण आहे ते!"

"मी कशी सांगू बाई?" अंजनीबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. "मी तर नाव घेत नाही. शालिग्राम भाऊजी असाल, तर पेढा मिळणार नाही. शुगर आहे त्यांना."